हॅकल अंगाला चिकटतं? आधी माशीचं घराणं बघा

"पुन्हा तेच." एवढाच मेसेज आणि खाली एक फोटो. मित्र हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट माशांच्या मागे गेलेला, मी इकडे रत्नागिरीजवळ घराच्या पडवीत. फोटोत त्याच्या तळहातावर मी बांधलेली १४ नंबरच्या हुकावरची माशी, म्हणजे पिसा-रेशमाचा खोटा किडा. इथून निघाली तेव्हा तिचं हॅकल, म्हणजे हुकाभोवती गुंडाळलेलं पीस, छत्रीसारखं उघडं होतं. आता सगळे तंतू मागे वळून दांड्याला असे चिकटले होते की मिरगाच्या पहिल्या सरीत सापडलेलं कोंबडीचं पिल्लूही त्यापेक्षा रुबाबदार दिसलं असतं.

हे सलग तिसरं वर्ष. दरवेळी मी काहीतरी बदलायचो आणि दरवेळी तक्रारच यायची. शेवटी उत्तर सापडलं, पण ते मी शोधत होतो त्या जागी नव्हतंच. फ्लाय बांधणारे आपल्याकडे मोजके आहेत. त्या मोजक्यांतल्या बऱ्याच जणांना हीच अडचण येते, म्हणून सगळं लिहून ठेवतो.

आमच्याकडे मासे धरायचे ते पागाने, जाळ्याने, नाहीतर खाडीच्या कडेला बसून गरीला कोळंबी लावून. पिसं आणि रेशीम गुंडाळून खोटा किडा करायचा आणि त्याने मासा फसवायचा, हे गावात अजून कुणाला पटलेलं नाही. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की आई म्हणते, "माशा मारत नाही तेवढं नशीब, बांधतो." त्यात या प्रकाराला इंग्रजीत 'स्पायडर' म्हणतात, हे मी एकदा बोलून गेलो. स्पायडर म्हणजे कोळी. तेव्हापासून शेजारचे तात्या, जे स्वतः कोळी आहेत, मला "काय रे, आज किती कोळी बांधलेस?" असं विचारतात. खरं तर या माशीचा कोळ्याच्या किड्याशी काही संबंध नाही. बारीक अंग आणि भोवती पसरलेले लांब तंतू, यावरून ते नाव पडलं. पाण्यात ती वर येणाऱ्या, अर्धवट कात टाकलेल्या मेफ्लाय किंवा कॅडिस या पाणकिड्यांची आठवण करून देते.

वेट फ्लाय म्हणजे बुडणारी माशी. तिच्यातल्या काहींच्या पाठीवर पिसाच्या पट्टीचे पंख असतात, काहींच्या नसतात. बिनपंखी माशीत पाय, उलगडणारा पंख, हालचाल, हे सगळं एकटं हॅकल दाखवतं. ते पीस हुकाच्या नेढ्यामागे, म्हणजे दोरी ओवायच्या भोकामागे, दांड्याभोवती गुंडाळलेलं असतं. पंखवालीचं हॅकल बिघडलं तरी आकार थोडाफार राहतो. बिनपंखीचं मिटलं की हातात उरतो तो दोरा गुंडाळलेला हुक.

आता मी काय काय चुकलो ते.

पहिल्या वर्षी वाटलं, पीस कमी पडतंय. दोन वेढ्यांच्या जागी पाच वेढे घातले. पडवीत माशी झुबकेदार आणि सुंदर दिसली. पाण्यात तेच पाच वेढे एकमेकांना चिकटून मागे पडले आणि बारीक अंगावर जाड शेपूट आल्यासारखं झालं. वर ती नीट बुडेनाही. दुसऱ्या वर्षी उलटं टोक गाठलं. मऊ पीस सोडून कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस घेतलं. ते अजिबात मिटलं नाही. मित्राचा मेसेज आला, "खराटा पाठवलास काय?" तंतू उभेच्या उभे, हालचाल शून्य. मासे जवळ यायचे, बघायचे आणि निघून जायचे.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात, पावसाची उघडीप असताना, घरामागच्या पऱ्याचं पाणी निवळलं होतं. दगडावर बसून दोन हात दोरीला माशी बांधून मी ती वाहत्या पाण्यात धरली होती. हॅकल गप्पकन मिटायचं. वर काढायचो, झटकायचो, पुन्हा धरायचो. तात्या वरून जाताना थांबले, थोडा वेळ बघत राहिले.

"पिसाला काय झालंय?"

"मिटतंय, तात्या. प्रत्येक वेळी."

"मग धरून कशाला ठेवलंस तिला? पाणी ओढतंय आणि तू सोडत नाहीस. ती मिटेल नाहीतर काय करेल? सोड की."

मी दोरी सैल सोडली. माशी पाण्याबरोबर निघाली आणि साधारण हातभर अंतरात तिचे तंतू एकेक करून सुटले. दगडाच्या सावलीत, गुडघाभर पाण्यात मला ते स्पष्ट दिसत होतं. आधी वरचे, मग कडेचे, आणि मग सगळं हॅकल गोल उघडून हलत हलत खाली चाललं. दोरी ताणली त्या क्षणी पुन्हा मिटलं. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच.

म्हणजे पीस वाईट नव्हतं आणि वेढेही कमी नव्हते. माशी पाण्याबरोबर जात असेल तर तिच्या तंतूंवर पाण्याचा दाब जवळजवळ नसतोच, कारण दोघांचा वेग सारखा. दोरीने अडवून धरली की सगळा प्रवाह तिच्या तोंडावर येतो. मित्राला फोन लावून विचारलं, तू टाकतोस कशी? म्हणाला, आडवी टाकून थोडी खाली सोडतो, लाइन ताणून धरतो आणि काठापर्यंत फिरू देतो. आणि मी त्याला पाठवत होतो त्या माश्या तयारच झाल्या होत्या प्रवाहाच्या वरच्या दिशेला टाकून पाण्याबरोबर मोकळ्या वाहू देण्यासाठी. त्याचं टाकणं चुकीचं नव्हतं, माझं बांधणंही नव्हतं. लग्न चुकीचं जमवलं होतं.

म्हणून आता कुणी "हॅकल मिटतंय" म्हणालं की मी पिसाबद्दल नंतर विचारतो. आधी विचारतो, माशी कुठल्या घराण्याची आणि तू ती सोडतोस की धरतोस? बिनपंखी वेट फ्लाय हा एकच प्रकार आहे असं समजून आपण एकाचं हॅकल दुसऱ्याच्या अंगावर चढवतो. गोंधळाचं मूळ तिथे आहे.

सगळ्यात सडपातळ घराणं उत्तर इंग्लंडचं. यॉर्कशायरच्या नद्यांवरच्या या माश्यांची यादी प्रिट यांनी १८८५ मध्ये छापली. पार्ट्रिज अँड ऑरेंज, स्नाइप अँड पर्पल, वॉटरहेन ब्लोआ ही त्यातली आजही बांधली जाणारी नावं. नावातच पाककृती असते. पहिला शब्द पक्ष्याच्या पिसाचा, दुसरा बहुधा रेशमाच्या रंगाचा. (ब्लोआ हा तिकडचा बोलीतला शब्द, अर्थ साधारण शिशासारखा निळसर करडा. आषाढात समुद्रावर जो ढग चढतो, तो रंग.) अंग म्हणजे रेशमाचा एकच थर, फार तर त्यावर धुरासारखी विरळ लव. हे अंग हुकाच्या वळणापर्यंत न्यायचं नसतं, हुकाच्या टोकाच्या समोर थांबवायचं. आखूड अंग, उघडा दांडा. हॅकलचे वेढे दीड किंवा दोन, तिसरा घातला की मी स्वतःलाच शिवी देतो. हे पीस इतकं मऊ असतं की पाण्याची बारीकशी भोवरीही त्याला हलवते. तीच त्याची ताकद आणि ताणलेल्या लाइनवर तीच त्याची कमजोरी.

ही माशी बांधताना मी पिसाच्या एका बाजूचे तंतू सरळ काढून टाकतो. उरलेल्या अर्ध्या पिसाचे दोन वेढे पडतात तरी गर्दी होत नाही. पीस टोकाकडून बांधायचं, कारण टोकाची शीर बारीक असते आणि डोकं जाड होत नाही. पिसाची पाठ नेढ्याकडे आणि पोट वळणाकडे ठेवलं की तंतू थोडे मागे झुकतात. लांबी वळणापर्यंत, फार तर केसभर पुढे. त्याहून लांब तंतू असतील तर सोडलेल्या माशीवरसुद्धा ते अंगाला लपेटतात. मिटण्याचं हे कारण मात्र खरोखर बांधणाऱ्याचं आहे.

दुसरं घराणं स्टीवर्टचं. एडिंबराचे डब्ल्यू. सी. स्टीवर्ट वकील होते आणि वरच्या दिशेला टाकून मासे धरण्याचे कट्टर पुरस्कर्ते. १८५७ मध्ये त्यांनी तीन स्पायडर दिले: काळा, तांबडा आणि करडा. दुरून बघितलं तर यॉर्कशायरच्या माशीसारखेच वाटतात. फरक हॅकलच्या जागेत आहे. स्टीवर्ट पीस नेढ्यामागे एका जागी गुंडाळत नाहीत. ते पीस आणि धागा एकत्र पिळून घेतात आणि अंगाच्या पुढच्या भागावर पसरवत आणतात. धाग्याचा पीळ असल्यामुळे माशाच्या दातांनी पीस पटकन सुटत नाही. आणि तंतू पुढे-मागे विखुरलेले असल्यामुळे ते एकाच वेळी, एकाच बाजूला मिटत नाहीत. माझ्या मित्रासारख्या अर्धवट धरून ठेवणाऱ्यांना ही माशी जास्त मानवते. त्याला पहिल्याच वर्षी ही पाठवली असती तर माझी दोन वर्षं वाचली असती. पण तेव्हा मला वाटायचं, स्पायडर म्हणजे स्पायडर.

तिसऱ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातले जेम्स लायझनरिंग पेशाने अवजारं घडवणारे कारागीर होते. पीट हायडी यांच्यासोबतचं त्यांचं काम १९४१ मध्ये छापून आलं आणि पुढे हायडी यांनी या माश्यांना 'फ्लिंफ' हे नाव दिलं. निंफ (पाण्यातला बाळकिडा) आणि फ्लाय यांच्या मधली अवस्था, म्हणून मधलं नाव. इथे अंग रेशमाचं गुळगुळीत नसतं, केसाळ असतं. लायझनरिंग रेशमाच्या दोन पदरांमध्ये लव ठेवून ती पँटवर मांडीशी वळून घ्यायचे. ती रीत पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आलं, कारण आजी देवासाठी वाती अगदी तशाच वळते. तिच्याकडूनच शिकलो. पदर मांडीवर ठेवायचा, त्यावर पिंजलेली लव पसरायची, वर दुसरा पदर, आणि तळहाताने एकाच दिशेला ओढायचं. उलट-सुलट चोळलं की पीळ सुटतो. तयार झालेली ती केसाळ वात हुकावर गुंडाळली की अंगाच्या प्रत्येक केसाला हवेचे बारीक बुडबुडे धरून राहतात आणि आतलं रेशीम त्यातून चमकतं.

मिटण्याच्या तक्रारीवरचा खरा इलाज याच घराण्यात आहे. हॅकलच्या मागे लव थोडी जाड ठेवली, म्हणजे छाती भरली, की तंतूंना मागे टेकायला आधार मिळतो. पाण्याने दाबलं तरी ते त्या उंचवट्यावर अडतात, दांड्याला लागत नाहीत. लायझनरिंगच्या पद्धतीत हॅकल त्या छातीवरून मागे आणतात आणि मग धागा तंतूंमधून वाट काढत पुढे नेतात. धागा पुढे नेताना सुईच्या टोकाने तंतू बाजूला सारायचे, दाबून टाकायचे नाहीत. माझ्या सुरुवातीच्या पाच-सहा फ्लिंफमध्ये अर्धे तंतू धाग्याखाली मेले होते. घाई केली की अजूनही मरतात.

लायझनरिंग यांची माशी फिरवायची रीतही मित्राच्या सवयीच्या जवळची. माशी मोकळी वाहू द्यायची आणि मासा असेल त्या जागेच्या थोडं आधी काठी थांबवायची. लाइन ताणली जाते आणि माशी तळाकडून वर उठते, जणू किडा पृष्ठभागाकडे निघालाय. क्षणभर हॅकल मिटतं, मग उघडतं. मिटणं-उघडणं हाच तिथे श्वास असतो. म्हणजे हॅकल मिटणं हा दरवेळी दोष नसतोच. मिटून तसंच पडून राहणं हा दोष.

बाकी दोन घराणी आटोपती घेतो. पामर, म्हणजे अंगभर मळसूत्रासारखं हॅकल गुंडाळलेली माशी. सोल्जर पामर, झुलू ही तिची नावं. तलावावर चालणारी, पृष्ठभागाजवळ पाणी ढवळणारी, म्हणून तिला कोंबड्याचं ताठ पीस चालतं आणि वरून उलट दिशेने तारेचे वेढे देऊन शीर बांधून टाकतात. खराटा इथे शोभतो. दुसरी जपानच्या डोंगरी ओढ्यांवरच्या तेंकारा या मासेमारीतली, साकासा केबारी. हिचं हॅकल मुद्दाम उलटं, नेढ्याच्या पुढे झुकलेलं. धरून ठेवली तरी पाणी त्याला पूर्ण मिटवू शकत नाही आणि काठीचं टोक हलकेच हलवलं की ते उघडझाप करतं. लाइन कायम ताणलेलीच ठेवणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून हीच देतो.

घराणं जुळलं तरी तक्रार उरते तेव्हा कारण बहुधा पिसात, रेशमात नाहीतर आपल्या कोकणी हवेत असतं.

पिसापासून. इंग्लंडातले लोक तित्तर, स्नाइप, पाणकोंबडीची पिसं वापरतात. आपल्याकडे रानातल्या तित्तराला किंवा पाणकोंबडीला हात लावणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, तेव्हा तो विषय तिथेच मिटला. गरजही नाही. पोल्ट्रीतल्या जपानी बटेराच्या पाठीची ठिपकेदार पिसं बारीक हुकांना उत्तम. आणि गावठी कोंबडीची मान म्हणजे खजिना. गटारीला घरोघरी कोंबडी-वडे होतात त्या दिवशी मी पिशवी घेऊन फिरतो आणि लोक मला वेड्यात काढतात. कोंबडी घ्यायची, कोंबडा नाही. नखाने शीर ओढून बघा. कोंबड्याचे तंतू टोकापर्यंत चकचकीत आणि सुटे असतात, कोंबडीचे मधोमध मऊ, एकमेकांत अडकलेले. ते मऊपण पाणी पितं, बुडतं आणि हलतं. पिसं रिठ्याच्या पाण्यात धुवून सावलीत वाळवा. मग चार दिवस फ्रीजरमध्ये, दोन दिवस बाहेर, पुन्हा चार दिवस फ्रीजरमध्ये. न धुता डब्यात टाकलेल्या पिसांचा श्रावणात भुगा होतो. माझा एक पूर्ण डबा किड्यांनी असा खाल्ला की फक्त शिरा उरल्या, माशांच्या काट्यासारख्या. चेपलेलं पीस चहाच्या भांड्याच्या वाफेवर धरलं की आकारात येतं.

गुंडाळताना शीर तुटत असेल तर बहुतेक वेळा पीस कोरडं असतं किंवा टोक फार बारीक घेतलेलं असतं. दोन बोटांनी ओलं करा, टोकाचे दोन मिलिमीटर कापून टाका.

छातीसाठीची लव. परदेशी पाककृतींत सशाच्या कानाचे केस लिहिलेले असतात. रानातला ससा सोडून द्या. आमच्या मांजरीचे उन्हाळ्यात झडणारे केस आणि जुन्या लोकरी मोज्याचे कातरलेले तुकडे एकत्र पिंजले की करडी, काटेरी, छान लव तयार होते. मांजरीला यात काही वाटा मिळत नाही अशी तिची तक्रार आहे.

रेशमाचा रंग पाण्यात काळवंडतो, ही दुसरी जुनी तक्रार. रेशीम भिजलं की ते थोडं पारदर्शक होतं आणि खालचा काळपट हुक आरपार दिसतो. नारिंगी अंग तपकिरी होतं. पार्ट्रिज अँड ऑरेंजमध्ये तो तपकिरीपणा मासेमारांना आवडतो, पण पिवळ्या रेशमाचं मातेरं होतं. हुकावर आधी पांढऱ्या धाग्याचा एक सलग थर द्या, मग पिवळं रेशीम. मेणाचाही रंग उतरतो. चांभाराचं काळं मेण लावलेलं पिवळं रेशीम शेवाळी दिसतं, आणि वॉटरहेन ब्लोआला तेच हवं असतं. पिवळंच ठेवायचं असेल तर साधं मधमाशीचं मेण, तेही कमी. पॉलिएस्टर धाग्याचा रंग बदलत नाही, पण अंगाला तो ओला जिवंतपणाही येत नाही. मी भरतकामाच्या दुकानातल्या रेशमाचा एकच पदर सोडवून घेतो.

माशी बुडतच नाही, तरंगते? हात हुंगून बघा. मला हे कळायला एक अख्खा मोसम गेला. सकाळी डोक्याला खोबरेल लावायचं आणि लगेच माशी बांधायला बसायचं. तेल रेशमात मुरतं, पिसाला लागतं, आणि वेट फ्लाय ड्राय होऊन पाण्यावर नाचते. बांधण्याआधी हात साबणाने धुवा. बांधून झालेल्या तेलकट माशीला मुलतानी माती आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब कालवून चोळा, मग चांगली धुवा. लाइनच्या टोकालाही हाच लेप लावला की ते पाण्यात शिरतं. घरात मुलतानी माती संपली की चौकशी माझ्याकडे येते.

डोकं जाड होऊन नेढं बुजणं. हे सरावाने जातं, पण एक युक्ती सांगतो. सुरुवात करण्याआधी नेढ्यामागे एका नेढ्याइतकी जागा नखाने मोजून मोकळी ठेवा आणि काहीही झालं तरी शेवटच्या गाठीपर्यंत तिथे धागा जाऊ देऊ नका.

आणि पांढरं डोकं. पावसाळ्यात डोक्यावर नेलपॉलिश लावली की काही मिनिटांत ती दुधाळ पांढरी होते. बाटली खराब समजून मी दोन फेकल्या. खरं कारण असं की पॉलिशमधलं द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि आपल्या हवेतलं पाणी त्यावर जमून आत अडकतं. जुलैत इथली हवा टॉवेल वाळू देत नाही, तिथे पॉलिशची काय कथा. बांधल्यावर लगेच टेबल लॅम्पच्या उबेखाली पॉलिश लावा आणि तिथेच वाळू द्या. नाहीतर पॉलिश लावूच नका. मेण लावलेल्या धाग्याच्या पाच वेढ्यांची आतली गाठ नीट ओढली तर ती पॉलिशवाचूनही टिकते. मी आता जून ते सप्टेंबर लावतच नाही.

गंज तर विचारूच नका. समुद्र इथून तीन किलोमीटरवर, आणि हवेतलं मीठ डब्याच्या झाकणाच्या फटीतूनही आत येतं. नारिंगी अंगावर तपकिरी डाग दिसला की तो रेशमाचा नाही, आतून आलेल्या गंजाचा असतो. अशी माशी टाकून द्या. टोक दिसायला धारदार असलं तरी ताणावर मोडतं. कोरड्या कढईत भाजलेले तांदूळ सुती पुरचुंडीत बांधून डब्यात ठेवतो आणि दर पंधरवड्याला पुन्हा भाजतो. सिलिका जेल असेल तर उत्तम, पण पुरचुंडीवर काम भागतं. हुकाला तेल मात्र लावू नका, का ते वर आलंच आहे.

माशी योग्य आहे का हे तपासण्याबद्दल एक गोष्ट. काचेच्या ग्लासात माशी बुडवून बघू नका. उभ्या पाण्यात खराटासुद्धा देखणा दिसतो, आणि मला तीन वर्षं फसवलं ते त्या ग्लासानेच. वाहतं पाणी लागतं. पऱ्या नसेल तर घमेल्यात नळाची पाइप तिरकी सोडा आणि माशी दोन्ही तऱ्हांनी बघा, दोरी सैल आणि दोरी ताठ. सैल असताना उघडत नसेल तर दोष तुमच्या बांधणीचा: तंतू फार लांब, वेढे फार, किंवा पीस उलटं. फक्त ताठ असताना मिटत असेल तर बांधणी ठीक आहे, घराणं बदला. आणि नदीवर घराणं बदलता येत नसेल तर पाण्यावरची लाइन उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे माशीवरची ओढ कमी होते आणि ती थोडी मोकळी चालते.

मार्चमध्ये मित्राला दोन काड्यापेट्या पाठवल्या. एकीवर लिहिलं 'सोड', तिच्यात आखूड अंगाच्या पार्ट्रिज अँड ऑरेंज, पीस अर्थात बटेराचं. दुसरीवर 'धर', तिच्यात छाती भरलेल्या फ्लिंफ आणि चार केबारी. तात्यांनी पेट्या बघितल्या, वाचल्या आणि म्हणाले, "यात माझा हिस्सा किती?" एप्रिलच्या शेवटी तीर्थनवरून मेसेज आला. यावेळी फोटो नव्हता.

"'धर' संपल्या. 'सोड'मधल्या तीन उरल्यात, चौथी झाडात आहे."